बुजवलेला झरोका

मी लिहिलेलं एकच वाक्य लोकांनी भिंतीवर रंगवलं, आणि त्या वाक्याची मला अजून भीती वाटते. मी ना कवयित्री, ना पुढारी. शिरूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, दोनच वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली बाई होते. वाक्य असं होतं: ‘उष्णता मरत नाही, पळून जाते, तिच्या पळवाटा बंद करा.’ वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाहेरच्या देशांनी तेल एकदम महाग केलं आणि त्याचा चटका थेट शिरूरच्या बाजारपेठेपर्यंत आला. रॉकेलच्या दुकानापुढं माणसांच्या आधी डब्यांची रांग लागायची. दगड ठेवून, चिंधी बांधून प्रत्येकानं आपला डबा ओळखू येईल असा केलेला. त्या हिवाळ्यात सरकारनं इंधन बचतीची मोहीम काढली आणि आमच्या शाळेत परिपत्रक येऊन पडलं की विज्ञानाच्या शिक्षकांनी गावोगाव जाऊन लोकांना समजावून सांगावं. बाकीच्या शिक्षकांना एकाएकी घरची कामं आठवली. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी बिनलग्नाची, एकटी खोली घेऊन राहणारी. “तुम्हीच जा बाई, तुमचं फिजिक्स ताजं आहे,” ते म्हणाले.

ताजं होतं, आणि त्याचा मला ताठाही होता. दौंडला रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, असलेल्या माणसाची मुलगी पुण्यात राहून बी.एस्सी. झाली होती. आमच्या सबंध भावकीत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. उष्मागतिकीचे नियम मला तोंडपाठ होते. पहिला नियम माझा लाडका: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. सगळा हिशेब चोख. दुसरा नियम मात्र मला जरा रडका वाटायचा. तो म्हणतो की उष्णता आपली आपण गरमाकडून गारव्याकडंच जाणार, तिचं सगळंच्या सगळं काम करून घेता येणार नाही, काही भाग सोडून द्यावाच लागणार. तो मी परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला.

परिपत्रकात मोजून सहा-सात गोष्टी होत्या. भांड्यावर झाकण ठेवा, डाळ आधी भिजत घाला, स्वयंपाक झाला की विस्तव विझवा, अशा. सगळ्या शहाणपणाच्या. पण मला त्या फार साध्या वाटल्या. देश म्हणजे एक मोठी चूल आहे आणि तिच्या भेगा लिंपल्या की काम झालं, अशी माझी पक्की समजूत होती. कुठली गळती थांबवता येते, कुठली येत नाही आणि कुठली थांबवायचीच नसते, हे आधी वेगळं काढावं लागतं. इंधनाचं सगळं धोरण याच निवडीवर उभं असतं, मग ते दिल्लीत ठरो नाहीतर स्वयंपाकघरात. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी सरसकट पळवाटा बंद करायला निघाले होते.

एकदा सुट्टीला दौंडला गेले तेव्हा वडिलांनाही मी हे ऐकवलं होतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. म्हटलं, “आबा, तुमचं इंजिन म्हणजे नुसती उधळपट्टी. बहुतेक सगळी उष्णता धुराड्यातून आकाशात जाते.”

आबा विडी ओढत हसले. “जाती म्हून तर इंजान चालतं.”

मला त्यांची कीव आली. आयुष्य शेडमध्ये घालवून या माणसाला एवढंही कळू नये, असं मनात आलं.

माझं ते वाक्य तालुक्याच्या कचेरीतल्या एका साहेबांना भारी आवडलं. त्यांनी ते रंगाऱ्याकडून सात-आठ गावांत लिहून घेतलं, शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीवर, निळ्या अक्षरात. मी भाषण करायला गेले की आधी माझंच वाक्य मला दिसायचं. मग मी फुलून बोलायचे. बोलता बोलता परिपत्रकात नव्हतं तेही सांगायला लागले: “नुसती चूल नाही, खोलीसुद्धा. थंडीत शेगडी पेटवता आणि झरोके उघडे ठेवता. मग ऊब राहील कशी?” बाया माना डोलवायच्या.

न्हावऱ्याच्या अलीकडं एक वस्ती होती. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आता विहीर पाडून शेतीला लागलेली. तिथं एक पोटुशी बाई पुढंच बसली होती. माझ्याच वयाची असेल. सगळं बोलून झाल्यावर तिनं पदर सावरत विचारलं, “बाई, माजं दिस भरत आल्यात. बाजंखाली शेक ठिवत्यात न्हवं, तवा खोली समदी बुजिवली तर जळण कमी लागंल का?”

आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी नाहीतर घमेलं ठेवतात. आई आणि बाळ दोघांनाही शेक मिळतो.

“नक्की लागेल,” मी म्हणाले. “अगदी निम्मं.” निम्मं हे मी कुठून आणलं देव जाणे. असा आकडा कुणी मला दिला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि मला तेवढं पुरलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी रजा टाकून दौंडला गेले. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली होती. आई आम्ही लहान असतानाच वारलेली, म्हणून आत्या गावाहून येऊन राहिली होती. मी पोचले तेव्हा मुलगी होऊन तीन दिवस झाले होते. रेल्वेचं क्वार्टर दोन खोल्यांचं. आतली खोली बाळंतिणीला दिलेली. त्या खोलीला एकच दार आणि छपराजवळ एक हातभर झरोका.

त्या वर्षी दौंडला थंडी चांगलीच होती. शिवाय शेक द्यायला कोळशाची मारामार. इंजिनांची राख जिथं पाडतात तिथून बाया अर्धवट जळलेला कोळसा वेचून आणत आणि कॉलनीत विकत. पण मोहीम शेडमध्येही पोचली होती. कोळसा पूर्ण जाळा, राखेत काही सोडू नका, असा हुकूम निघाल्यापासून वेचणाऱ्यांची पाटी अर्धीच भरायला लागली. दिल्लीतून निघालेला कागद कसा कसा फिरत माझ्या बहिणीच्या बाजेखाली आला, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. आता अंगावर काटा येतो.

चौथ्या दिवशी सकाळी बहीण म्हणाली, “ताई, रात्री लई गारठा लागला गं.” झालं. मी पिठाची खळ शिजवली, जुने पेपर घेतले आणि स्टुलावर चढले.

आत्या बाळाचे लंगोट वाळत घालत होती. तशीच ओले हात घेऊन धावत आली. “आगं ए बाय, तो झरुका बुजवू नगं. उद्या पाचवी हाय. सटवाई येती, तिला वाट लागती.”

सटवाई पाचव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं मानतात. आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती. आबांनी देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं भीमेत सोडले होते. मला संताप आला. “आत्या, कसली सटवाई? आपण ते सगळं सोडलं ना? तूही घेतलीस ना दीक्षा?”

“घेतली की. म्या कवा न्हाई म्हनलं? मी काय पूजा घालीना न् काय न्हाई. पर वाट ठिवायला काय जातंय?”

“उष्णता जाते, आत्या.”

या उत्तरावर मी इतकी खूश झाले की खाली उतरून बहिणीला पुन्हा एकदा तेच ऐकवलं. तीही हसली. आत्या परत लंगोट वाळत घालायला गेली. शिकलेल्या भाचीपुढं काय बोलणार ती? मी पेपराचे तीन थर दिले. दाराच्या खालच्या फटीतही जुन्या गोधडीची गुंडाळी सारली. खोली खरोखरच उबदार झाली; रात्री कोळसा लवकर संपला तरी ऊब टिकली. त्या दिवशी आत्या सारखी आतबाहेर करत होती, दार सारखं उघडत होतं आणि मी तिच्यावर सारखी चिडत होते.

पाचव्या दिवशी सकाळी आंघोळी झाल्या, ओव्याची धुरी झाली. आत्यानं शेगडी बाहेर पेटवली, धूर सरल्यावर लाल निखारा आत नेऊन बाजेखाली ठेवला आणि ती लांबच्या नळावर धुणं घेऊन गेली. जाताना मी तिला बजावलं, “दार ओढून घे.” मग मी बाहेरच्या खोलीत चाचणीच्या वह्या तपासायला बसले.

अकराच्या सुमाराला आत डोकावले. बहिणीचे गाल लाल झाले होते. मला वाटलं, शेक मानवला. ती म्हणाली, “ताई, डोकं ठणकतंय. मळमळतंय.”

“बाळंतपणात होतं तसं. झोप जरा.” मी शेगडीत दोन कोळसे आणखी टाकले, बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर येऊन दार घट्ट लावलं. गोधडीची गुंडाळी पायानं पुन्हा फटीत सारली. ती गुंडाळी सारल्याची खूण अजून माझ्या पायात आहे.

मग तासभर शांतता होती. बाळ एकदाही रडलं नाही. मला आठवतंय, वहीवर शेरा लिहिताना मी मनात म्हणाले, आज किती शहाण्यासारखी झोपलीय पोरगी.

आबा दुपारच्या सुट्टीत भाकरी खायला घरी यायचे. त्या दिवशी ते मागच्या बोळातून आले, म्हणून त्यांना आमचा झरोका दिसला. मी फक्त धावत येणारी पावलं ऐकली. हा माणूस कधी धावत नसे.

“झरुका कुनी बुजिवला?”

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी खांद्यानं दार ढकललं होतं. आत गेले, एका हातानं शेगडी ओढून फरशीवर सरकवली आणि बाजेचा पाय धरून बाज बहिणीसकट, बाळासकट ओढत ओट्यावर आणली. उन्हात. बहिणीची मान एका बाजूला लोंबत होती. गाल तसेच लाल. बाळाच्या मुठी नेहमी घट्ट असायच्या, त्या उघड्या पडल्या होत्या.

मी उभी होते. डोक्यात एकच विचार गरगरत होता, की मी मारलं, मी मारलं यांना. शेजारच्या बाया जमल्या. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पाणी मारलं. आबा बाळाच्या तोंडावर हलकी फुंकर घालत होते आणि “ये गं बाय, ये गं बाय” असं पुटपुटत होते. बऱ्याच वेळानं बाळाच्या घशातून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. इतका बारीक की तो खरा होता की मला भास झाला, हे कळेना. मग तो पुन्हा आला.

हातगाडीवर घालून आम्ही त्यांना रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोघींना ऑक्सिजन लावला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. “कोळशाचा वायू लागलाय,” ते म्हणाले. “त्याला वास नाही, रंग नाही. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. खोली बंद होती का? कुणी बंद केली?”

मी भिंतीला टेकून उभी होते. आता बोलायचं, असं ठरवलं. नोकरी, शाळा, भिंतीवरचं निळं वाक्य, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि तेवढ्यात नळावरून तशीच ओल्या लुगड्यानं धावत आलेली आत्या पुढं झाली.

“म्या क्येली सायेब.”

डॉक्टर तिच्यावर बरसले. अडाणी माणसं तुम्ही, जुन्या समजुती सोडवत नाहीत, बाळंतिणीला कोंडून मारता, किती वेळा सांगायचं. आत्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी गप्प राहिले. शाळेत रोज चार तास मोठ्यानं बोलणारी मी.

बहीण वाचली, बाळही वाचलं. हे आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याला टांगून ठेवायचा मला शौक नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. बहीण शुद्धीवर आली तेव्हा तिनं आबांना ओळखलं, मला ओळखलं, आणि शेजारच्या पाळण्याकडं बोट करून विचारलं, “हे कुणाचं?” डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू सगळं, पाहू. आलंही. पंधरा दिवस लागले. अजूनही ती बोलता बोलता एखादा शब्द विसरली की माझ्या काळजात धस्स होतं. सगळेच विसरतात या वयात, असं ती म्हणते. मी हसून मान हलवते आणि उठून खिडकी उघडते.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आबांच्या शेजारी बसले. त्यांनी विडी काढली, पेटवली नाही. म्हणाले, “शेडमंदी येक जोडीदार व्हता माजा. थंडीचा क्याबिन बंद करून शेगडी घिऊन निजला. सकाळी समद्यांनी हाका मारल्या. तवापून मला बंद खोलीतली शेगडी दिसली की भ्या वाटतं.”

“आबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“तू कवा इचारलं?”

मग त्यांनीच मला ते सांगितलं, जे तीन वर्षं कॉलेजात शिकून मला उमगलं नव्हतं. इंजिनात काम करून झालेली वाफ धुराड्यातून भसाभसा बाहेर जाते. आपल्याला वाटतं वाया गेली. पण जाताना ती भट्टीतला धूर ओढून नेते आणि त्या ओढीनं खालून ताजं वारं आत येतं. “त्या जान्यावर इस्तू जगतो,” आबा म्हणाले. “समदी वाफ, समदी ऊब आत कोंडून धर म्हनलं, तर आधी इस्तू घुसमटतो. मग मानूस.”

माझा तो रडका दुसरा नियम. काहीतरी सोडून द्यावंच लागतं. मी ते वाक्य पेपरात लिहून मार्क घेतले होते आणि घरी येऊन खळीनं झरोका बुजवला होता. सटवाई येत नाही हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण तिच्या नावानं कुणीतरी एक भोक उघडं ठेवलं होतं. नाव खोडण्याआधी भोक कशाला आहे ते विचारायची माझी जबाबदारी होती. देव टाकून द्यायला आबांना जी हिंमत लागली, ती विचारूनसवरून आली होती. माझी नुसती मस्ती होती.

हे सगळं डोक्यात बसतंय न बसतंय, तोच मला ती पुढं बसलेली पोटुशी बाई आठवली. माजं दिस भरत आल्यात. आणि मी काय म्हणाले? नक्की. अगदी निम्मं.

मी उठून उभी राहिले. माझी बहीण निदान दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती आणि झरोका ओळखणारा बाप तिला होता. त्या वस्तीवर कोण होतं? आणि ती एकटीच कुठं, सात-आठ गावांत ते वाक्य निळ्या रंगात उभं होतं. पण मला दिसत होता तो तिचाच चेहरा, समाधान झालेला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले. पाटस गेलं, चौफुल्याला उतरून दुसरी गाडी धरली. ती गाडी इतकी हळू चालली होती की मला ड्रायव्हरच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसांच्या बोलण्याकडं मी कान लावून होते, कुणी कुठल्या मयताला निघालंय का म्हणून. भीमा ओलांडल्यावर एका शाळेच्या भिंतीवर माझं वाक्य दिसलं. उन्हात चकाचक, नवंकोरं. मी डोळे मिटून घेतले.

पुढं मी तालुक्याच्या त्या कचेरीला पत्र लिहिलं. ते वाक्य पुसा, त्यानं माणूस मरेल, असं सरळ लिहिलं. मंजूर मजकूर परस्पर बदलता येत नाही, असं उत्तर आलं. मग मी रविवारी रविवारी चुन्याचा डबा घेऊन हिंडले आणि माझं मीच पुसलं. पुढच्या हिवाळ्यात आलेल्या परिपत्रकात एक ओळ जास्त होती: ‘विस्तव असलेल्या खोलीत हवा खेळती ठेवा.’ माझ्या पत्रामुळं असेल, नसेलही. मी ती ओळ कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली. बचतीच्या यादीत खर्चाची एक ओळ कुणीतरी घातली होती, याचं मला फार बरं वाटलं. पण हे पुढचं. त्या सकाळी मी बांधावरून वस्तीकडं धावत होते, चपलेचा पट्टा तुटला म्हणून चपला हातात घेऊन.

वाटेत एकानं बोटानं दाखवलेलं तिचं घर दिसलं. अंगणात तिची सासू धान्य पाखडत होती, म्हणजे मयताचं घर नव्हे. माझ्या जिवात थोडा जीव आला. तिनं मला पाहिलं मात्र, सूप टाकून आतल्या बाजूला ओरडली, “आगं, बाई आल्या! शाळंच्या बाई आल्या!”

आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घराच्या बाजूच्या भिंतीत झरोका होता, उघडा. त्यातून धूर बाहेर येत होता. आतून दोन हात वर आले, हातात काळी घोंगडी होती, आणि ते हात घाईघाईनं ती घोंगडी झरोक्यात कोंबायला लागले.

मी चपला टाकून आत घुसले. ती बाळंतीण बाजेवर उभी होती, सहा दिवसांची ओली बाळंतीण, टाचा उंचावून, थरथरत. बाजेखाली शेणी, म्हणजे गोवऱ्या, धुमसत होत्या. बाळ गोधडीत खोकत होतं. खोकत होतं म्हणजे जिवंत होतं. मला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“रागावू नगा बाई. तुमी सांगितल्यापरमानं बुजिवलं व्हतं, आईशप्पत. पर शेनीचा धूर लई कोंडला, प्वार ठसकाय लागलं, म्हून जरासं उघाडलं. आत्ता बुजिवते. आत्ता.”

कोळसा घ्यायची ऐपत नव्हती म्हणून ती वाचली होती. शेणीच्या धुरानं डोळे चुरचुरतात, माणूस खोकतो, झरोका उघडतो. निखाऱ्याच्या वायूला तेवढीही दया नसते. मी घोंगडी तिच्या हातातून ओढून घेतली. “बुजवू नका. कधीच बुजवू नका. माझं चुकलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

तिनं सासूकडं पाहिलं. मग हात जोडले. “न्हाई बाई, तुमी कशाला चुकाल? आमीच अडाणी.”

डॉक्टरांनी आत्यासाठी वापरलेला तोच शब्द. मी तिथंच जमिनीवर बसले. मग घोंगडी मांडीवर घेऊन मी त्या दोघींना सगळं सांगितलं. झरोका, खळ, तीन थर, फटीत पायानं सारलेली गोधडी, लाल गाल, उघड्या पडलेल्या मुठी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आत्या काय म्हणाली आणि मी काय म्हणाले नाही, तेही. काही झाकलं नाही. तोंडानं हे पहिल्यांदाच बोलत होते.

सासू उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं घोंगडी माझ्याकडून घेतली, घडी घातली आणि उंबऱ्यात टाकून तिच्यावर बसली. “आता बघू कोन बुजिवतंय,” असं सुनेला म्हणाली. मग माझ्याकडं वळली.

“ह्ये समदं दाक्तरास्नी सांगितलं का तुमी?”

“नाही.”

“आन् आत्यास्नी? चूक तुमची व्हती आसं?”

“नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, पण मला खाली बघावं लागलं. झरोक्यातून धूर सरळ बाहेर चालला होता आणि आत गार वारं येत होतं.

“मंग हितं कशाला बसलाय बाई?” ती म्हणाली. “उठा. दौंडची गाडी चुकंल.”